सिंकची दुर्गंधी : औषध नको, घासणी घ्या

खाद्यपदार्थांचा धंदा करणाऱ्याची पत दोन ठिकाणी ठरते. एक गल्ल्यावर आणि दुसरी मोरीजवळ. बिर्याणीच्या भावाबद्दल गिऱ्हाईक घासाघीस करते, मीठ कमी पडले तर तोंडावर सांगते. पण भटारखान्यातून येणाऱ्या कुबट वासाबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. ते फक्त पुन्हा येत नाही. नुकसान झाले हे मालकाला कळते, पण कशाने झाले हे कळत नाही.

मीरा रोड पूर्वेच्या हाटकेश भागात हा प्रश्न विशेष लक्ष देण्यासारखा आहे. इथे एकीकडे उद्योगनगरातले छोटे गाळे आणि दुसरीकडे राहत्या इमारती अगदी लागून आहेत. अशा वस्तीत गाळ्यांवर डबे पोचवणारे, लग्नाच्या देगा उतरवणारे, बेकरीवाले, समोसे तळणारे आणि घरच्या घरी ऑर्डर घेणाऱ्या भगिनी यांचे काम बहुधा लहान जागेत चालते. एकच सिंक, त्यातच तांदूळ, त्यातच गोश्त, त्यातच खरकटी भांडी. वरच्या मजल्यावर माणसे राहतात. सिंक वास मारू लागले की आधी गिऱ्हाईक तुटते आणि मागोमाग सोसायटीची तक्रार येते.

यावर सर्रास काय केले जाते? ॲसिडची बाटली रिकामी केली जाते, फिनेल ओतले जाते, जाळीवर डांबराच्या गोळ्या ठेवल्या जातात. दोन दिवस बरे वाटते, तिसऱ्या दिवशी वास परत. या लेखात आम्ही वासाचे कारण, साध्या सिंकची सफाई आणि सिंकखाली बसवायच्या कचरा दळणाऱ्या यंत्राची सफाई यांची माहिती देत आहोत. हे यंत्र आपल्याकडे अजून मोजक्याच स्वयंपाकघरांत आहे. परंतु आखातात किंवा अमेरिकेत राहून आलेली कुटुंबे, मोठी हॉटेले आणि जहाजावर काम केलेले बावर्ची यांना ते परिचित आहे, आणि आमच्या प्लंबर व इलेक्ट्रिशियन बांधवांना त्याच्या दुरुस्तीचे काम कधी ना कधी येणारच आहे.

वास येतो कुठून?

नळीच्या आतल्या अंगाला तेल, चरबी, पिठूळ पाणी आणि साबणाचा साका यांचा चिकट थर बसतो. त्यात अन्नाचे कण अडकतात आणि त्यांवर जिवाणू वाढतात. थराच्या आत हवा पोचत नाही. हवेवाचून वाढणारे जिवाणू मांस, अंडी व डाळीतील गंधकयुक्त भाग कुजवून हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. सडलेल्या अंड्यासारखा वास तो हाच. चरबी कुजली की खवट, आंबूस वास सुटतो. म्हणजे जिथे थर आहे तिथे वास आहे. वरून ओतलेले द्रव थरावरून घसरून जाते, थर तसाच राहतो. ताटाला चिकटलेले कालचे सालन नुसत्या पाण्याने निघत नाही, घासावे लागते. सिंकच्या नळीचा कायदाही हाच आहे.

बिर्याणीच्या धंद्यात थर लवकर बसण्याचे खास कारण आहे. तांदूळ अर्धेकच्चे उकळून वेळले जातात आणि ते उकळते पिठूळ पाणी थेट सिंकमध्ये जाते. त्याच नळीत गोश्ताची चरबी असते. गरम असताना दोन्ही पातळ असतात, पण पुढे नळीत थंड झाल्यावर चरबी गोठते आणि तांदळाची पेज तिला खळीसारखी चिकटवते. निहारी, पाये आणि नळीचा रस्सा शिजवणाऱ्यांकडेही हेच घडते. बकरी ईदच्या दिवसांत एरवी साफ असणाऱ्या घरगुती नळ्याही तुंबतात, त्याचे कारण तीन-चार दिवसांत जाणारी ही चरबीच होय.

वासाचे दुसरे कारण वेगळे आहे. सिंकची नळी पुढे ज्या वाटेने जाते तिथे कुठेतरी ट्रॅप असतो. ट्रॅप म्हणजे नळीचे वळण किंवा वाटी, ज्यात कायम पाणी साचून राहते. साधारण ५० मिलिमीटर उंचीचे हे पाणी दरवाजाचे काम करते आणि गटारातील वायू आत येऊ देत नाही. महिना-दोन महिने बंद असलेल्या घरात किंवा गाळ्यात हे पाणी सुकते आणि गटाराची हवा थेट स्वयंपाकघरात येते. गावाहून परत आलेल्या कुटुंबाला घर उघडताच जो वास येतो तो बहुतेक वेळा याचाच. इथे कोणतेच औषध नको, एक बादली पाणी ओतले की दरवाजा पुन्हा बंद.

तिसरे कारण तर डोळ्यांसमोर असते. आपल्याकडील अनेक इमारतींत सिंकची लवचिक नळी जमिनीतल्या भोकात नुसती खोचलेली असते. नळी लहान, भोक मोठे. मधल्या फटीतून वासही येतो आणि झुरळेही. पावसाळ्यात बाहेरचे चेंबर भरले की आतली हवा याच फटीतून वर ढकलली जाते.

आधी पारख, मग इलाज

कारण कोणते हे ओळखण्याची बिनखर्ची रीत आहे. रात्री काम संपल्यावर सिंकच्या भोकावर एक ओला फडका घट्ट दाबून ठेवावा. नळी जमिनीत शिरते तिथे दुसरा ओला फडका गुंडाळावा. सकाळी दोन्ही फडके वेगवेगळे हुंगून पाहावेत. सिंकवरचा फडका वास मारत असेल तर दोष जाळी, कपलिंग, नळी किंवा यंत्रात आहे. जमिनीवरचा मारत असेल तर दोष ट्रॅपमध्ये किंवा फटीत आहे. दोन्ही साफ निघाले आणि तरी वास येत असेल तर कचऱ्याचा डबा, ओट्याची सांध आणि सिंकखालचे ओलसर लाकूड तपासावे. ही पारख न करता केलेला खर्च अंधारात दगड मारण्यासारखा आहे.

साध्या सिंकची सफाई

प्रथम नळीखाली बादली ठेवावी. बॉटल ट्रॅप असल्यास त्याची खालची वाटी हाताने फिरवून सुटते. ती फार घट्ट असेल तर पान्याला फडका गुंडाळून हलक्या हाताने सैल करावी. वाटीतील गाळ कचऱ्याच्या डब्यात टाकावा, परत सिंकमध्ये नाही. वाटी, तिच्या आतली उभी नळी आणि आटे भांड्याच्या साबणाने व बाटली धुण्याच्या ब्रशाने घासावेत. रबरी वायसर चपटा किंवा चिरलेला असेल तर नवा घालावा. त्याला किरकोळ पैसे लागतात. जुन्याच वायसरावर वाटी आवळल्यास थेंब थेंब गळती होते आणि ओलसर लाकडाचा नवा वास सुरू होतो.

नंतर सिंकची जाळी काढावी. जाळी वरून चकचकीत दिसते, पण तिच्या खालच्या अंगाला आणि कपलिंगच्या आट्यांत काळा चिकट साका असतो. अनेक स्वयंपाकघरांत निम्मा वास इथेच असतो. जुन्या दातांच्या ब्रशाने तो खरवडून काढावा. सिंकच्या वरच्या अंगाला पाणी ओसंडू नये म्हणून भोके असतील तर त्यांच्या आतही ब्रश फिरवावा. ही जागा जवळजवळ सर्वांकडून राहून जाते.

घड्या असलेली लवचिक नळी दोन-तीन वर्षे वापरात असेल तर ती धुण्यात वेळ घालवू नये, बदलावी. तिच्या प्रत्येक घडीत अन्न अडकते. शक्य असेल तिथे आतून गुळगुळीत असलेली कडक नळी उतार देऊन बसवावी. जमिनीतील भोकाला घट्ट बसणारे रबरी बूच लावावे. मात्र सिंकखाली बॉटल ट्रॅप आणि जमिनीत पुन्हा नहाणी ट्रॅप असे दोन दरवाजे एकापाठोपाठ असतील तर मध्ये हवा कोंडते, गुडगुड आवाज येतो आणि पाणी हळू उतरते. अशा वेळी अनुभवी प्लंबरने दोहोंपैकी एकच ठेवावा.

सर्व जोडून झाल्यावर एक लिटर चांगल्या गरम पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवून सावकाश ओतावा, दहा मिनिटांनी भरपूर पाणी सोडावे. धुण्याचा सोडा चरबी सुटी करतो. हातमोजे घालावेत आणि ॲल्युमिनियमची भांडी दूर ठेवावीत, ती काळी पडतात. पाणी गरम असावे, खळखळते नसावे. पीव्हीसी नळी उकळत्या पाण्याने मऊ पडते आणि सांधे ढिले होतात. तांदूळ वेळलेले पाणीही याच कारणासाठी आधी पातेल्यात थंड होऊ द्यावे.

कचरा दळणारे यंत्र : ते काय आहे?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावी जॉन हॅम्स नावाच्या वास्तुरचनाकाराने १९२७ साली हे यंत्र तयार केले. १९३५ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि पुढे त्याने इन्सिंकरेटर ही कंपनी काढली. खरकटे सिंकमध्येच बारीक करून पाण्याबरोबर वाहून न्यावे, ही कल्पना. गटारांवर भार पडेल या भीतीने न्यूयॉर्क शहराच्या मोठ्या भागात अनेक वर्षे या यंत्राला मनाई होती. ती १९९७ मध्ये उठली. म्हणजे यंत्राच्या मायदेशातही खालची नळी ते सोसेल काय, हा प्रश्न विचारला गेलाच होता.

पुष्कळांची समजूत असते की आत मिक्सरसारखी पाती असतात. तसे नाही. तळाशी एक तबकडी फिरते, मिनिटाला साधारण दीड ते पावणेतीन हजार फेरे. तिच्यावर दोन बोथट लोखंडी हातोड्या असतात. फिरण्याच्या जोराने खरकटे भिंतीकडे फेकले जाते आणि भिंतीच्या दातेरी कड्यावर घासून त्याचा भुगा होतो. म्हणून ‘पात्यांना धार लावण्याचे’ जे घरगुती उपाय सांगितले जातात त्यांना अर्थ नाही. धार मुळात नाहीच. सफाईचा हेतू एकच, कडे, तबकडीची खालची बाजू आणि तोंडावरचा रबरी पडदा यांवरील थर काढणे.

या तिघांतही पहिला गुन्हेगार रबरी पडदाच. अन्न उडून बाहेर येऊ नये म्हणून तो तोंडाशी असतो. वरून तो स्वच्छ दिसतो, पण त्याच्या पाकळ्यांची खालची बाजू यंत्र चालताना उडालेल्या खरकट्याने माखते. तिथे पाण्याची धार कधी पोचतच नाही.

यंत्राची सफाई : क्रमाने

एक. वीज तोडावी. नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा किंवा त्या लाइनचा स्विच पाडावा. मग एकदा बटण दाबून यंत्र खरोखर बंद आहे याची खात्री करावी. यंत्रात हात कधीही घालू नये, वीज तोडल्यावरही नाही. चिमटा वापरावा.

दोन. बॅटरीच्या उजेडात आत पाहावे. चमचा, हाडाचा तुकडा, बाटलीचे झाकण असे काही दिसल्यास चिमट्याने काढावे.

तीन. रबरी पडदा निघणारा असेल तर बाहेर काढून साबणाच्या गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवावा आणि दोन्ही अंगांनी घासावा. निघणारा नसेल तर प्रत्येक पाकळी वर उचलून दातांच्या ब्रशाने खालून घासावी. एवढ्याच कामाने बहुतेक ठिकाणी वास निम्म्याने उतरतो.

चार. पडदा बसवून वीज जोडावी. दोन पेले बर्फाचे खडे आणि अर्धा पेला जाडे मीठ आत टाकावे. थंड पाण्याची बारीक धार सोडून यंत्र चालू करावे. कडकड आवाज थांबेपर्यंत चालू द्यावे. बर्फ आणि मिठाचे खडे भिंतीवरचा साका खरवडतात, आणि बर्फाने चरबी कडक झाल्यामुळे ती तुकडे होऊन सुटते. भाईंदरच्या मिठागरांनी प्रसिद्ध केलेल्या या पट्ट्यात जाडे मीठ शोधत फिरावे लागणार नाही. बारीक मीठ या कामाचे नाही.

पाच. सिंकच्या भोकाला बूच लावून सिंक अर्धे कोमट पाण्याने भरावे, त्यात पाव पेला खायचा सोडा विरघळवावा. यंत्र चालू करून बूच काढावे. पाण्याचा मोठा लोंढा एकदम गेल्याने सुटलेला सारा साका नळीतून पुढे निघून जातो. नुसत्या बारीक धारेने तो मध्येच बसला असता.

सहा. शेवटी लिंबाच्या सालीचे लहान तुकडे दळावेत. हा सुवासापुरता उपाय आहे. पडदा न घासता नुसती लिंबे दळणे म्हणजे अंघोळ न करता अत्तर लावणे.

हे सर्व आठवड्यातून एकदा. रोज रात्री यंत्र थंड पाण्यावर अर्धा मिनिट रिकामे चालवावे. दळतानाही पाणी थंडच हवे, गरम पाण्यात चरबी वितळते आणि पुढे नळीत जाऊन गोठते. दळण संपल्यावर १५ ते २० सेकंद पाणी चालू ठेवावे. घाईत नळ आधी बंद करणे हे यंत्रात वास राहण्याचे नेहमीचे कारण आहे.

यंत्र अडकले, नुसते गुणगुणते आहे, तर ताबडतोब बंद करून वीज तोडावी. बऱ्याच यंत्रांच्या तळाला मधोमध षटकोनी भोक असते, त्यात पाव इंचाची ॲलन की घालून मागे-पुढे फिरवल्यास तबकडी सुटते. अडकलेली वस्तू चिमट्याने काढून दहा-पंधरा मिनिटे यंत्र थंड होऊ द्यावे, मग तळाचे लाल बटण दाबून चालू करावे. पुष्कळदा ‘मोटर जळली’ म्हणून जे यंत्र बदलले जाते ते एवढ्याने सुरू झाले असते. आमच्या कारागीर बांधवांनी गिऱ्हाइकाला हे प्रामाणिकपणे सांगावे. एका वेळची नवी विक्री जाईल, पण ते गिऱ्हाईक कायमचे राहील.

अमेरिकेहून सामानात आणलेल्या यंत्राबाबत एक इशारा. ते ११० ते १२० व्होल्ट आणि ६० सायकलवर चालते. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० सायकल. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरवता येतात, सायकल बदलत नाहीत. त्यामुळे साधी मोटर मंद फिरते आणि तापते. असे यंत्र बसवून देण्याची जबाबदारी इलेक्ट्रिशियनने घेऊ नये.

यंत्र म्हणजे कचराकुंडी नव्हे

शेवग्याच्या शेंगांचा चोथा, कांद्याची साले, कोथिंबिरीचे देठ, मक्याचे कणीस, केळीचे पान यांचे तंतू तबकडीभोवती गुंडाळतात. मटणाची नळी व मोठी हाडे, नारळाची करवंटी आणि शेंडी दळली जात नाही. भात आणि पीठ फुगून खळ होते. चहाचा चोथा दळला जातो, पण पुढच्या वळणात वाळूसारखा बसतो. तेल, तूप आणि चरबी तर कधीच नाही. थोडक्यात, आपल्या स्वयंपाकाचे निम्म्याहून अधिक खरकटे या यंत्राच्या कामाचे नाही. ताटात राहिलेला मऊ उरलासुरला भाग तेवढा त्याचा.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. जुनी इमारत, कमी उताराची नळी आणि मोजून मिळणारे पाणी असेल तिथे हे यंत्र घेऊ नये. जिथे घ्यायचे तिथे सोसायटीला आधी विचारावे, कारण खालची नळी सगळ्यांची सामाईक आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला कचरा वेगळा ठेवणे बंधनकारक केले. वेगळ्या ठेवलेल्या ओल्या कचऱ्याचे खत होते, गटारात ढकललेल्याचे काही होत नाही.

जे करू नये

यंत्र असो वा साधे सिंक, पुढील गोष्टी टाळाव्यात.

संडास साफ करण्याचे ॲसिड सिंकमध्ये ओतू नये. ते मिठाचे ॲसिड असते आणि स्टीलवर बारीक खड्डे पाडते. भाईंदरमध्ये स्टीलच्या भांड्यांचा धंदा करणाऱ्यांना हे सांगायला नको, ३०४ नंबरचे स्टीलही त्यापुढे टिकत नाही, २०२ तर लवकरच हार मानते. खड्डे पडले की त्यात साका अधिकच धरतो. लोखंडी तारेची घासणीही टाळावी, तिचे कण राहून गंजाचे डाग पडतात.

ब्लीचिंगचे द्रव आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये. दोन्ही मिसळताच क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो फुप्फुसे जाळतो आणि जीवही घेतो. एकाने सकाळी ब्लीच ओतले आणि दुसऱ्याने संध्याकाळी ॲसिड, तरी ट्रॅपमधील पाण्यात ती भेट होऊ शकते. भटारखान्यात हे काम बहुधा सर्वांत लहान वयाच्या पोऱ्याला सांगितले जाते, हे मालकाने ध्यानात ठेवावे. नाक त्याचे जळते, जबाबदारी आपली असते.

तुंबलेल्या नळीत कॉस्टिक सोड्याचे दाणे टाकू नयेत. ते पाण्यात पडताच भयंकर तापतात, चरबीशी मिळून कधी कधी नळीतच साबणाचा दगड होतो, आणि मागाहून येणाऱ्या प्लंबरच्या डोळ्यांत तेच पाणी उडते. आधी रबरी पंप, मग स्प्रिंग. तरी न सुटल्यास नळी उघडावी. कॉस्टिक आधीच टाकले असेल तर प्लंबरला तसे सांगणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

डांबराच्या गोळ्या अन्नाजवळ नकोत. त्या वास घालवत नाहीत, झाकतात. त्यातील नॅफ्थलिन लहान मुलाच्या पोटात गेल्यास रक्तातील तांबड्या पेशी फुटू शकतात. सिंकमधील पांढरी गोळी मुलाला खडीसाखर वाटते.

खायचा सोडा आणि सिरका एकत्र ओतण्याची टूम आहे. फेस छान येतो. पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि मागे बहुतांशी खारे पाणी उरते. फेसाने थोडा साका हलतो, एवढेच. सोडा वेगळा वापरावा, सिरका वेगळा.

चरबी विकावी, ओतू नये

जे तेल सिंकमध्ये जाते ते पैसे गेल्यासारखे आहे. तळणाच्या तेलातील बिघाडाचे मोजमाप २५ टक्क्यांवर गेल्यास ते तेल वापरू नये, असा नियम अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला. त्याच वर्षी वापरलेले तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल बनवण्याची योजनाही सुरू केली. अधिकृत संकलक असे तेल विकत घेतात. समोसे आणि चिकन तळणाऱ्यांनी जाड डब्यात तेल साठवून पावतीसह द्यावे. हिशेबही राहतो आणि नळीही.

भांडी सिंकमध्ये जाण्यापूर्वी रबरी खरवडणीने किंवा जुन्या कागदाने पुसून घ्यावीत. देगेच्या तळाची चरबी गोठू द्यावी आणि उलथण्याने काढावी. रोज मोठ्या प्रमाणावर शिजवणाऱ्यांनी सिंक आणि गटार यांच्यामध्ये ग्रीस ट्रॅप बसवावा. ही एक साधी पेटी असते, पाणी तिच्यात संथ होते, चरबी वर तरंगते, साका खाली बसतो आणि मधले पाणी पुढे जाते. पेटी चतुर्थांश भरली की रिकामी करावी. न उपसलेला ग्रीस ट्रॅप हाच वासाचा कारखाना होतो.

कारागिरांसाठी दोन शब्द

प्लंबर बांधवांना आमचे सांगणे की तुंबल्यावर बोलावणे येण्याची वाट पाहू नये. दहा-बारा भटारखाने आणि घरे धरून महिन्याच्या सफाईचा ठराव करावा. ब्रश, वायसरांचा संच, रबरी बुचे, पंप, स्प्रिंग आणि बादली एवढीच भांडवलाची यादी. तुंबल्यावरचे काम घाणेरडे, घाईचे आणि घासाघिशीचे असते. आधीचे काम शांत आणि नियमित उत्पन्नाचे असते.

परंतु एका मर्यादेपलीकडे पाऊल टाकू नये. सिंक, ट्रॅप आणि नळी हे आपले काम आहे. बाहेरच्या खोल चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टाकीत उतरणे हे कोणाचेच काम नाही. सिंकमध्ये वास मारणारा हायड्रोजन सल्फाइड तिथे साठलेला असतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी राहतो, आणि जास्त प्रमाणात असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास थांबला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. गटारातील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाखांची भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. हा नियम मालकालाही लागू आहे आणि सोसायटीच्या सेक्रेटरीलाही. चेंबर तुंबल्यास महापालिकेला कळवून यंत्राची गाडी मागवावी. पाचशे रुपयांसाठी कोणीही आत उतरू नये आणि कोणी कोणाला उतरवू नये.

साप्ताहिक बांधणी

वाचकांच्या सोयीसाठी सारे काम चार ओळींत. रोज : भांडी पुसून मगच धुणे, रात्री जाळी काढून घासणे, भरपूर पाणी सोडणे. आठवड्याला : धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी, यंत्र असल्यास पडदा घासून बर्फ व मीठ. महिन्याला : ट्रॅपची वाटी उघडणे, वायसर तपासणे. गावाला जाताना : सिंक व नहाणीत पाणी ओतून तोंडे झाकणे.

हा कागद सिंकच्या वर चिकटवावा आणि कोणत्या दिवशी कोणी सफाई केली त्याची सही घ्यावी. ज्या स्वयंपाकघरात असा कागद लागलेला असतो तिथे ॲसिडच्या बाटलीची गरज हळूहळू संपते, आणि तपासणीला कोणी आले तरी मालकाला पडदा ओढावा लागत नाही.